स्वस्ताईची झळ

भाज्या महागल्या की देशात मोर्चे निघतात, अग्रलेख लिहिले जातात आणि विधिमंडळाच्या पायऱ्यांवर कुणीतरी गळ्यात कांद्यांची माळ घालून उभं राहतं. स्वस्ताईविरुद्ध मात्र आजवर कुणी घोषणा दिल्याचं ऐकिवात नाही. मला याचं एकच कारण दिसतं. ही माळ घालणारी मंडळी जानेवारी महिन्यात, दिवेलागणीनंतर, जळगावच्या बळीराम पेठेतून पिशवी घेऊन कधी घरी गेलेली नाहीत.

थंडीच्या त्या दिवसांत मेथीचं काय होतं ते पाहण्यासारखं असतं. सकाळी पंधराला एक असलेली जुडी दुपारी दहाला येते, पाच वाजता दहाला दोन होतात, आणि दिवे लागल्यावर विकणारी बाई खालचं पोतं झटकायला लागली की तिच्या तोंडून ते घातक वाक्य निघतं : "भाऊ, वीसला सगळी घेऊन जा." त्या 'सगळी'पुढे खान्देशी पुरुष टिकत नाही. घरून त्याला एक जुडी आणायला सांगितलेलं असतं. तो सात घेऊन निघतो.

या माणसाला आपण नाना म्हणू. खान्देशात दर दुसऱ्या घरात एक नाना असतोच. नसला तर आप्पा, बापू किंवा जिभाऊ असतो. नाना नोकरीतून निवृत्त झालेले, तब्येत ठणठणीत, आणि संध्याकाळी घरात बसले तर सगळ्यांनाच त्रास, म्हणून बाजाराचं खातं त्यांच्याकडे. नानांचा हिशेब चोख असतो. एक जुडी पंधराला घेतली असती तर पंधरा रुपये गेले असते. सात जुड्या वीसला घेतल्या म्हणजे जुडी जेमतेम तीनला पडली. प्रत्येक जुडीमागे बारा रुपये वाचले, बारा साते चौऱ्याऐंशी. वीस रुपये खर्चून चौऱ्याऐंशी रुपयांची कमाई करून नाना छाती काढून घरात शिरतात.

"अहो, एक सांगितली होती."

"अगं, पण वीसला सात!"

"मग निवडा सात."

इथून पुढे जे घडतं त्याची नोंद कुठल्याही महागाई निर्देशांकात होत नाही. बैठकीत वर्तमानपत्र पसरलं जातं, घरातला प्रत्येक मोकळा हात कामाला लावला जातो, अभ्यासाला बसलेल्या नातवालाही सूट मिळत नाही. पहिल्या रात्री लसूण घातलेली मेथीची भाजी होते आणि सगळे मिटक्या मारतात. दुसऱ्या दिवशी तीच दाण्याचं कूट घालून. मग डाळमेथी, मग पराठे, मग मुठे, मग पराठ्यांतून उरलेल्या कणकेच्या पुऱ्या. चौथ्या दिवशी नातू कपात डोकावून विचारतो, "आजी, चहात नाही ना घातली?" नानांना हा कृतघ्नपणा वाटतो. महागाईत लोक भाजीला तरसतात आणि इथे पानात रोज हिरवं असूनही तक्रार!

आता हे चौऱ्याऐंशी रुपये आले कुठून, याचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही. ते पोतं झटकणाऱ्या त्या बाईच्या कमरेच्या पिशवीतून आले. तिचा हिशेब नानांच्या बरोबर उलट्या दिशेने चालतो : बियाणं, निंदणी, पहाटेच्या काढणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, आणि शेवटी वीसला सगळी. नानांना हे कळत नाही असं समजू नका. नानांची स्वतःची गावाकडे चार एकर कपाशी आहे. कापसाला भाव नाही, शेतकऱ्याला कुणी वाली नाही, यावर ते चौकात उभे राहून अर्धा अर्धा तास बोलतात. बोलताना हातात तीच पिशवी असते. मेथी पिशवीच्या तोंडातून बाहेर लोंबत असते, आणि पिशवीवर सराफी पेढीचं नाव असतं, कारण जळगावात भाजीची चांगली पिशवी सोन्याच्या दुकानातूनच मिळते. सोनं वर्षातून एकदा येतं, मेथी रोज.

महागाईची भीती आम्हाला का वाटत नाही, हे समजायला आमचा मे महिना पाहावा लागतो. पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो, तापीच्या काठचं वारंही अंगाला भाजतं, आणि सकाळी नऊला घेतलेली पालेभाजी घरी पोहोचेपर्यंत तिचं काय होतं हे नाजूक मनाच्या माणसाने पाहू नये. अशा प्रदेशात भाजीवर अवलंबून राहणं परवडणारं नाही, हे आमच्या आज्या-पणज्यांच्या फार पूर्वी लक्षात आलं. म्हणून त्यांनी भाजीवाचून चालणारा एक अख्खा स्वयंपाक उभा केला. उडदाची डाळ आणि कळण्याची भाकरी. डाळ भिजवून, भरड वाटून, वाफवलेले फुनके आणि वर कढी. रश्शात सोडलेले डुबुकवडे. पातोड्यांचा रस्सा. मठ, कुळीथ, मूगवड्या. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड. आणि या सगळ्यांच्या वर, लाल तवंगाखाली, शेवभाजी.

जगात बहुतेक ठिकाणी शेव जेवणाआधी किंवा जेवणानंतर, बशीत घेऊन, गप्पा मारत खातात. तिलाच भाजीचा हुद्दा देऊन ताटाच्या मध्यभागी बसवण्याचं धाडस खान्देशाने केलं. त्यासाठी वेगळी, जाड, तिखट शेव लागते. चिवड्यातली बारीक शेव घातली तर तिचं पिठलं होतं. रस्सा आधी उकळून ठेवायचा आणि शेव वाढायच्या वेळी टाकायची, हा नियम इथल्या लहान मुलालाही माहीत असतो. बाहेरून येणारा पाहुणा ढाब्यावर ही भाजी खाऊन घामाघूम होतो आणि खान्देशी लोक फार चैनीचे आहेत असं मत बनवून जातो. शेवभाजी ही मुळात टंचाई निवारणाची योजना आहे. सरकारी नसल्यामुळे ती यशस्वी झाली.

२०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्या पार गेला तेव्हा देशभर गहजब झाला. आमच्याकडेही टोमॅटोवर भरपूर चर्चा झाली, पण ती जेवता जेवता, टोमॅटो नसलेलं ताट समोर घेऊन. खान्देशी रस्सा भाजलेल्या कांद्यावर, भाजलेल्या सुक्या खोबऱ्यावर, लसणावर आणि काळ्या मसाल्यावर उभा असतो. टोमॅटो त्यात शहरी सुनांच्या आग्रहाखातर येतो. तो नाही आला तर रस्सा उलट जरा बरा लागतो, असं सासवांचं मत होतं, आणि त्या महिन्यात ते त्यांना उघडपणे मांडता आलं. आंबटपणा हवा असेल तर चिंच होती, आंबाडी होती, बरणीत आमचूर होतं. टोमॅटो उतरला तेव्हा देशाने सुटकेचा निःश्वास सोडला आणि नानांनी एक कॅरेट आणलं.

धुळ्याला पाच कंदीलच्या बाजारात हीच गोष्ट वेगळ्या आवाजात चालते. जळगावपेक्षा धुळ्याची घासाघीस जास्त मोकळी असते, आणि तिचं बरंचसं श्रेय अहिराणीकडे जातं. सरकारी कचेरीत दिवसभर छापील मराठी बोलणारा साहेब संध्याकाळी पाच कंदीलला उतरला की दुसऱ्याच वाक्यात अहिराणीवर येतो. यात मातृभाषेचा उमाळा थोडा आणि व्यवहार जास्त असतो. "मावशी, मेथी कशी दिली?" असं विचारलं तर जो भाव येतो, त्यापेक्षा "माय, मेथी कशी दिनी?" याचा भाव दोन-पाच रुपयांनी कमी असतो. पण हा उपाय दुधारी आहे. अहिराणी बोलणाऱ्याला मावशी गावचा माणूस समजते आणि मग त्याला सोडत नाही. "लई जा ना भाऊ, परत घर लई जाईसन काय करसू मी? ढोरे खातीन." आता ढोरांच्या तोंडचा घास काढून आपण घ्यायचा, की मावशीला ओझ्यासकट शेवटच्या बसने परत पाठवायचं? साहेब मुकाट्याने चार जुड्या घेतो. छापील मराठीत बोलला असता तर एकीवर सुटला असता.

घासाघीस करताना आधी मालाला नावं ठेवायची असतात. गिलकी जून आहेत, पोकळा मातीने भरलाय, गंगाफळ आतून पांढरं निघेल. मावशी यावर चिडत नाही. तिला माहीत असतं की माणूस जितकी नावं ठेवतो तितकं त्याचं घ्यायचं पक्कं झालेलं असतं. खरंच नको असणारा नुसता बघून पुढे जातो. हे शास्त्र वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग टोमॅटोच्या कॅरेटला क्यूआर कोडची पाटी टेकून उभी राहिली आणि शेजारी पैसे आल्याचं ओरडून सांगणारी पेटी आली. पूर्वी भाव हे घेणाऱ्या-देणाऱ्या दोघांतलं गुपित होतं. मावशी कानाजवळ येऊन सांगायची, "तुम्हाला म्हणून पंधराला, कुणाला सांगू नका." आता पेटी अख्ख्या गल्लीला सांगते, पंधरा रुपये प्राप्त झाले. मागच्या काकू लगेच वळतात : "मला कसे वीस लावले?" काही पुरुषांची याहून मोठी अडचण झाली आहे. ते घरी जाऊन भाव पाच रुपयांनी कमी करून सांगायचे, तेवढाच मान. आता शेजारची बाई बाजारात असते, तिचे कान शाबूत असतात, आणि पेटी खोटं बोलत नाही.

सुट्ट्या पैशांचं भांडणही याच पेटीने संपवलं. 'दोन रुपये सुटे नाहीत, दोन लिंबं घ्या' हा व्यवहार गेला. राहिलं ते 'वरून'. भाजी घेतल्यावर वरून चार काड्या कोथिंबीर आणि दोन मिरच्या मागणं हा आपला घटनादत्त अधिकार आहे असं इथले ग्राहक मानतात, आणि घटनेत तसं कलम नाही हे मावशीही कधी काढत नाही. कोथिंबिरीचा भाव चढलेला असताना त्या चार काड्या ती अशा सावकाशीने वेगळ्या करते, की घेणाऱ्याला उपकृत झाल्यासारखं वाटतं. आणि कोथिंबीर कोसळली की तीच मावशी न मागता अख्खी जुडी पिशवीत कोंबते. नको म्हणायची सोय नसते. मी सभ्य माणसांना कोथिंबिरीपासून पळताना पाहिलं आहे.

पण मेथी-कोथिंबीर हे किरकोळ आजार. खान्देशाला स्वस्ताईचा खरा फटका बसतो तो वांग्यात.

चातुर्मासात वांगं न खाणारी घरं अजून आहेत. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवला की पथ्य सुटतं, आणि मग सुटतं ते सुटतंच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाहेरच्यांनी अभिनंदन केलं. आम्हाला नवल एवढंच वाटलं, की जे आम्ही मुंजीत, बारशात आणि निवडणुकीच्या प्रचारात सांगत आलो ते सरकारदरबारी पोहोचायला इतका वेळ कसा लागला. हे वांगं जांभळं नसतं. हिरवट, त्यावर पांढुरके पट्टे, हाताच्या पंजात मावणार नाही एवढं, आणि आत बिया अगदी कमी. यावल तालुक्यातल्या बामणोदचं चांगलं की जळगावजवळच्या आसोद्याचं, यावर सोयरिकी ताणल्या जातात. आसोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली त्यांचं नाव मिळालं, पण वांगं निवडण्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तिथे अजून सुरू झालेला नाही. गरज नसावी. त्या विषयातले तज्ज्ञ आमच्याकडे प्रत्येक गल्लीत आहेत.

ते तज्ज्ञ पुरुष असतात, हे लक्षात घ्या. जो माणूस दोडका आणि गिलकं यांतला फरक तीस वर्षांच्या संसारात शिकला नाही, तो भरिताचं वांगं मात्र बायकोला हात लावू देत नाही. तो ढिगासमोर उकिडवा बसतो, एकेक वांगं उचलून तळहातावर तोलतो, देठ ताजा आहे का बघतो, साल चमकते का बघतो, मग दोन वांगी दोन हातांत धरून डोळे मिटतो. दिसायला मोठं आणि हाताला हलकं, ते घ्यायचं. जड असेल तर आत बियांचं बिऱ्हाड असतं. हे सगळं करून त्याने दीड किलो घेतलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पौषात वांगी उतरतात, भाव ऐकून त्याचे मिटलेले डोळे उघडतात, आणि तो दहा किलो घेतो. दहा किलो वांग्यांचं चार माणसांच्या घरात काय करायचं, याचं खान्देशात एकच उत्तर आहे : भरीत पार्टी.

भरीत पार्टी शेतात होते. तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजतात. गॅसवर भाजलेलं वांगं हे आमच्याकडे पुण्याच्या नातेवाइकांसाठी ठेवलेलं असतं. काळं झालेलं साल काढून गर लाकडी बडगीत ठेचतात. तेलात लसूण, हिरवी मिरची, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. कांद्याची पात सढळ हाताने. मसाला नाही, टोमॅटोचं नाव काढायचं नाही. खाली केळीचं पान, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, तोंडी लावायला मुळा आणि कांदा. हे सगळं पुरुष करतात, म्हणजे जाळ पुरुष करतात आणि त्याच्याभोवती उभे राहून जाळ कसा करावा यावर मतं देतात. लसूण सोलणं, मिरच्या चिरणं, पीठ मळणं, पुऱ्या तळणं आणि दुसऱ्या दिवशी काजळी धरलेली भांडी घासणं ही बारीकसारीक कामं आपोआप होतात, असं त्यांना लहानपणापासून वाटत आलेलं आहे.

आता नानांच्या वहीत या पार्टीचा खर्च पाहा : वांगी, दोनशे रुपये. बस. तेलाचा डबा किराण्यात गेला. शेंगदाणे घरचे. खोबरं होतंच. पुऱ्यांचं पीठ मोजत नाहीत. शेतापर्यंत तीन गाड्यांचं पेट्रोल हे मुलांनी घातलं. चार जणांना बोलावलं, चाळीस आले, कारण भरिताचा धूर दिसला की माणूस आमंत्रणाची वाट पाहत नाही. जिलेबी आणायला कुणीतरी मध्येच गेलं. सगळं मांडलं तर स्वस्त वांग्याचं भरीत हा खान्देशातला सर्वांत महाग पदार्थ निघेल. वांगी महाग असताना तोच माणूस दोन वांगी घेतो, बायको शेगडीवर भाजते, आणि चार माणसं पोटभर जेवून हात धुतात.

आणि उरतं, ते पुण्याला जातं. मुलगा तिकडे संगणकाच्या कंपनीत असतो. रात्री खासगी बसच्या चालकाजवळ डबा सोपवला जातो. झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पिशवी, तिच्यावर दोरी, आणि तरीही पारोळ्याच्या पुढे गेल्यावर गाडीतल्या प्रत्येक प्रवाशाला कळतं की आत काय आहे. पार्सलचं भाडं वांग्यांच्या किमतीहून जास्त असतं. नाना ते वहीत 'किरकोळ'मध्ये टाकतात.

केळ्यांबद्दल बोलायचं तर आवंढा गिळावा लागतो. जळगाव म्हणजे केळी, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं, आणि बाहेरगावच्या माणसाला वाटतं की इथल्या बाजारात केळ्यांचे डोंगर असतील. उत्तम केळी रावेर, सावद्याहून गाड्या भरून उत्तरेकडे जातात. बाजारात जी राहतात ती आम्ही विकतही घेत नाही, कारण केळी विकत घेणं हे जळगाव जिल्ह्यात नातेवाईक नसल्याचं लक्षण आहे. ज्याचा कुणी मामा, मेहुणा किंवा साडू रावेर-यावलकडे आहे, त्याच्या दारात अधूनमधून अख्खा घड येऊन पडतो. फुकट. स्वस्ताईची ही शेवटची पायरी.

घड हिरवा असतो तोवर घरात शांतता असते. कोपऱ्यात, पोत्याखाली, तो पिकायची वाट पाहत पडून राहतो. तो काल पिकला नाही, आज सकाळी पिकला नाही, आणि संध्याकाळी सगळा एकदम पिकला. अधूनमधून एखादी फणी पुढेमागे झाली असती तर माणसाला काही नियोजन करता आलं असतं. पण शंभरावर केळी एकमताने निर्णय घेतात. मग शिकरण. मग केळ्याची कोशिंबीर. मग सत्यनारायण आठवतो, कारण प्रसादात केळी लागतात. मग मुलांच्या हाती शेजाऱ्यांकडे फण्या पाठवल्या जातात, आणि मुलं दुसऱ्याच फण्या घेऊन परत येतात, कारण शेजारच्यांचा साडूही यावलचाच. एकमेकांची केळी टाळण्यासाठी चांगली माणसं जिन्यात चाहूल घेऊन मग दार उघडतात. कच्ची असतानाच थोडी भाजीला काढावीत, वेफर्स करावेत, हे शहाणपण घरातल्या बायकांना असतं. पण घड अख्खा शोभतो असं नानांचं मत.

पावसाळ्यात हे चित्र पालटतं आणि आम्ही जरा माणसात येतो. सातपुड्याकडून चोपडा, यावल, शिरपूरच्या बाजारांत पावरा बायका रानभाज्या घेऊन येतात : तरोटा, कुर्डू, घोळ, बांबूचे कोंब, आणि राणीच्या थाटात कटुर्ली. कटुर्ल्यांना कुणी लागवडीची भाजी समजून भाव पाडत नाही. ती मोजकी येतात आणि दुपारच्या आत संपतात. किलोचा भाव विचारणारा माणूस क्षणभर आकाशाकडे बघतो आणि पावशेर मागतो. त्या पावशेरात घर सुखी असतं. प्रत्येकाच्या वाट्याला चमचा-दीड चमचा, कुणी दुसऱ्यांदा मागत नाही, काही उरत नाही, पुण्याला काही जात नाही. कृषी खातं आता रानभाजी महोत्सव भरवतं, तिथे पाककृतींचे फलकही असतात. माझी भीती एकच आहे, की कुणी तरी कटुर्ली एकरावर लावून स्वस्त करील.

सरकारनेही आमच्या अडचणीत भर घालून पाहिली. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मोकळा झाला आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना आली. मधला दलाल काढायचा, शेतकऱ्याने थेट ग्राहकाला विकायचं, शेतकऱ्याला दोन पैसे जास्त आणि ग्राहकाला दोन पैसे कमी. विचार सोन्यासारखा आहे. अशा बाजारात छत असतं, वजनकाटा नीट असतो, भाव पाटीवर लिहिलेला असतो. आणि तिथेच आमचा माणूस गोंधळतो. पाटीवर भाव लिहिला की बोलायचं काय? वांग्याला नाव ठेवावं तर समोर ते पिकवणाराच उभा. तो शांतपणे त्या वांग्याचा जन्मापासूनचा इतिहास सांगायला लागतो आणि आपल्याला ऐकावा लागतो. मला हा बाजार मनापासून आवडतो, कारण तिथे 'सगळी घेऊन जा' हे वाक्य फारसं ऐकू येत नाही. नानांना तो आवडत नाही. तिथून ते लागेल तेवढंच घेऊन येतात आणि घरी येऊन गप्प बसतात.

वाळवण हा या सगळ्यावरचा बायकांनी काढलेला तोडगा. नानांची सातवी जुडी, न विचारता, गच्चीवर सावलीत वाळत घातली जाते आणि बरणीत जाते. गवार वाळते, कैरीच्या फोडी वाळतात, उकडलेल्या बटाट्याचा कीस वाळतो. मे महिन्यात नाना जेवताना म्हणतात, "मेथी कुठून आणली? सध्या तर हात लावू देत नाहीत." कुणी उत्तर देत नाही.

तर भाज्यांच्या महागाईने खान्देशी माणूस डगमगत नाही, हे मी पुन्हा सांगायला नको. गवार दीडशेला गेली, नाना हसले. कोबी चढला, नानांनी खांदे उडवले. टोमॅटोच्या वेळी तर त्यांनी इतरांची समजूत काढली. हेच नाना परवा फरसाणच्या दुकानात काउंटरवर दोन्ही हात टेकून उभे होते आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येत होता.

"मागच्या महिन्यात एवढी नव्हती!"

"नाना, हरभरा डाळ बघा. तेल बघा."

"डाळीचं, तेलाचं मला सांगू नका. मी भाजीची शेव मागतोय, बदाम नाही. माणसाने खायचं काय मग?"

"भाजी खा ना नाना. सध्या स्वस्त आहे."

नानांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशातून पाकीट काढलं.

"पाव किलो द्या. आणि वरून?"

"वरून काय?"

"काहीही."